उत्पादन थांबलेले प्रोब, कॉइल आणि कव्हर: जुन्या मेटल डिटेक्टरची जोडसाधने कशी टिकवावीत?

जुना_एक्सप्लोरर (प्रश्न)

नमस्कार. मायनलॅबचा एक्सप्लोरर एसई हा मेटल डिटेक्टर मी अनेक वर्षांपासून वापरतो आहे आणि मूळ यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अडचण आहे ती त्याच्यासाठी वेळोवेळी घेतलेल्या, पण इतर उत्पादकांनी बनवलेल्या जोडसाधनांची. त्यांतील एकही वस्तू आज नवी मिळत नाही. ज्या छोट्या कार्यशाळांनी त्या बनवल्या होत्या, त्यांतील काहींनी काम बंद केले आणि काहींनी नव्या यंत्रांकडे मोर्चा वळवला.

पहिली वस्तू म्हणजे इनलाइन प्रोब. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. यंत्राच्या दांड्यावर एक छोटी पेटी बसते, कॉइलची (म्हणजे जमिनीलगत फिरवायच्या तबकडीची) केबल तिच्यात जाते आणि पेटीतून दुसरी केबल हातात धरायच्या प्रोबकडे निघते. पेटीवरचा स्विच एका बाजूला केला की मोठी कॉइल चालू होते, दुसऱ्या बाजूला केला की तेच इलेक्ट्रॉनिक्स, तोच पडदा आणि तेच स्वर प्रोबच्या टोकाला मिळतात. वेगळा पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा शोधणारे हातातले छोटे यंत्र, 'येथे धातू आहे' एवढेच सांगतो. हा प्रोब मात्र खड्ड्याच्या कडेला चिकटलेली वस्तू गंजका खिळा आहे की नाणे, याचाही अंदाज देतो. गेल्या काही महिन्यांत स्विच कॉइलच्या बाजूला असताना संकेत मधूनच तुटतो, दांडा जरा हलला की यंत्र ओरडते आणि पेटीवर बोटाने टिचकी मारली की काही वेळ सारे सुरळीत होते.

दुसरी वस्तू १५ इंचांच्या कॉइलचे खालचे संरक्षक कव्हर. त्याला कडेने भेग गेली आहे आणि आत बारीक माती शिरते. तिसरी अडचण बॅटरीची आहे. जुना निकेल मेटल हायड्राइड पॅक आता तासाभरातच मान टाकतो.

वापरलेली साधने शोधून विकत घ्यावीत, आहेत तीच दुरुस्त करावीत, की या निमित्ताने यंत्रच बदलावे? अनुभवी सदस्यांनी मत द्यावे, ही विनंती.

तांब्याची_तार

आपण दिलेल्या लक्षणांवरून प्रोब किंवा कॉइल बिघडली आहे असे मला वाटत नाही. टिचकी मारल्यावर सुधारणारा दोष बहुतेक वेळा यांत्रिक असतो, म्हणजे स्विचचे संपर्क, कनेक्टरची पिन किंवा केबल पेटीत शिरते त्या जागी तुटत आलेली तार. यांपैकी कोणत्याही दोषासाठी मूळ उत्पादकाची गरज नाही.

आधी हे समजून घ्यावे की एक्सप्लोररच्या कॉइलमध्ये केवळ दोन वेटोळी नसतात. एक प्रेषक वेटोळे जमिनीत संकेत सोडते आणि दुसरे ग्राहक वेटोळे परतीचा संकेत टिपते. या ग्राहक वेटोळ्याच्या शेजारी संकेत वाढवणारा एक छोटा प्रवर्धक बसवलेला असतो आणि त्याला वीज मुख्य यंत्राकडून त्याच केबलमधून मिळते. पाच पिनांच्या कनेक्टरमधून प्रेषक वेटोळ्याचा प्रवाह, प्रवर्धकाची वीज आणि परतीचा संकेत असे सर्व काही जाते. म्हणून इनलाइन पेटीतला स्विच हा दिवा चालू-बंद करणारा साधा स्विच नसून एकाच वेळी अनेक तारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळवणारा बहुध्रुवी स्विच असतो. त्यातला एक जरी संपर्क काळवंडला, तरी बाकीचे व्यवस्थित असूनही यंत्र वेड्यासारखे वागते. प्रेषक वेटोळ्याचा रोध मुळातच कमी असतो, त्यामुळे त्या वाटेवर संपर्काचा रोध अर्ध्या ओहमने जरी कमीजास्त झाला तरी प्रवाहात फरक पडतो आणि यंत्राला तो जमिनीतून आलेला संकेत वाटू शकतो.

तपासणी अशी करावी. बॅटरी काढून ठेवावी, पेटी यंत्रापासून व कॉइलपासून सोडवावी आणि उघडून आतल्या प्रत्येक तारेचा रंग व जागा दाखवणारी छायाचित्रे घ्यावीत. (हे छायाचित्र न घेता तारा सोडवण्याचा पराक्रम मी एकदा केला आहे, आणि पुढचे दोन दिवस तारा ओळखण्यात घालवले आहेत.) मग मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहम श्रेणीवर ठेवून स्विचच्या एकेका ध्रुवावर टोके लावावीत आणि स्विचची दांडी हळूच हलवावी. चांगल्या संपर्काचा आकडा टोकांच्या स्वतःच्या रोधाइतका, म्हणजे सुमारे ०.१ ते ०.३ ओहमवर, स्थिर राहतो. खराब संपर्काचा आकडा उड्या मारतो. तसे आढळले तर तितक्याच ध्रुवांचा, दोन स्थितींचा आणि शक्यतो सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा असलेल्या संपर्कांचा स्विच घ्यावा. संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने तात्पुरता आराम पडेल, पण मुलामा झिजला असेल तर तो आराम टिकणार नाही.

एक सूचना मात्र ठळकपणे लिहितो. पाच पिनांचा, आट्यांच्या कड्याने आवळायचा गोल कनेक्टर मायनलॅबच्या एसडी, जीपी आणि जीपीएक्स या पल्स इंडक्शन (म्हणजे कॉइलमध्ये प्रवाहाचे तुटक ठोके सोडणाऱ्या) यंत्रांवरही असतो. पल्स यंत्रात प्रवाह अचानक तोडला जातो तेव्हा कॉइलच्या टोकांवर क्षणभर शंभराहून अधिक व्होल्टचा दाब उमटतो. आपली प्रवर्धक असलेली कॉइल किंवा प्रोब 'कनेक्टर बसतो आहे' म्हणून अशा यंत्राला जोडून पाहू नये. वापरलेला माल विकणारे पुष्कळदा कनेक्टर पाहूनच 'सर्व मायनलॅबला चालते' असे लिहितात.

संथ_झोका

दुरुस्तीबद्दल वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, पण मूळ प्रश्नात एक गृहीतक आहे त्यावर बोलायला हवे. ही साधने केवळ छोट्या कार्यशाळा थकल्या म्हणून नाहीशी झाली नाहीत. काहींची गरजच संपली, तर काही बनवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्यप्राय करून ठेवण्यात आले.

इनलाइन प्रोब पहिल्या प्रकारात मोडतो. जोपर्यंत स्वतंत्र पिनपॉइंटर कमकुवत होते आणि त्यांना वरचेवर सूर लावावा लागे, तोपर्यंत मुख्य यंत्राची ताकद प्रोबच्या टोकाला आणणे ही उत्तम युक्ती होती. पुढे गॅरेटच्या प्रो-पॉइंटरसारखे एका कळीवर चालणारे पिनपॉइंटर सर्रास मिळू लागले. ते कोणत्याही यंत्रासोबत चालतात, त्यांना केबल नाही आणि यंत्र बदलले तरी ते फुकट जात नाहीत. प्रत्येक यंत्रासाठी वेगळा प्रोब जुळवून बनवणाऱ्याचे गणित त्यापुढे टिकणे कठीण होते. धातूची ओळख खड्ड्यातच होते हा आपला मुद्दा खरा आहे, परंतु तेवढ्यासाठी दांड्यावर पेटी, स्विच आणि आणखी एक केबल वागवायला फार थोडे लोक तयार राहिले.

कॉइलची गोष्ट निराळी आहे. व्हाइट्स या कंपनीच्या जुन्या यंत्रांचे उदाहरण घ्या. एक्सएलटीसारखी यंत्रे साधारण ६.५९ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालत, त्यामुळे त्यांच्यासाठी बाहेरच्या लोकांनी नाना आकारांच्या कॉइल बनवल्या. त्यांतली बिगफूट ही लांबट, अरुंद कॉइल अजूनही लोक शोधतात. तिचे ग्राहक वेटोळे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे असल्याने दूरवरच्या विजेच्या तारांचा गोंगाट दोन्ही अर्ध्यांत उलटसुलट उमटून बराचसा रद्द होतो, आणि त्यामुळे वस्तीत ती शांत चालते. परंतु पुढच्या डीएफएक्स यंत्राला ३ आणि १५ किलोहर्ट्झ लागू लागले, एमएक्सटी सुमारे १४ किलोहर्ट्झवर गेले, आणि जुन्या ब्लू मॅक्स कॉइल तेथे निरुपयोगी ठरून त्यांच्या जागी एक्लिप्स मालिका आली. १९५० साली सुरू झालेली व्हाइट्स २०२० मध्ये बंद झाली आणि तिच्या रचनांचे हक्क गॅरेटकडे गेले. टेसोरो ही दुसरी डिटेक्टर कंपनी त्याआधीच २०१८ मध्ये थांबली होती, आणि तिची प्रसिद्ध आजीवन हमीही तिच्याबरोबरच संपली. मूळ यंत्रच बंद झाल्यावर त्याच्या कॉइलसाठी साचे सांभाळून ठेवणारा माणूस विरळाच.

यापुढचा टप्पा म्हणजे कॉइलमध्येच चिप बसवणे. मायनलॅबच्या एक्स-टेरा यंत्राच्या कॉइलमध्ये नियंत्रक होता आणि यंत्र ३, ७.५ की १८.७५ किलोहर्ट्झवर चालणार हे कॉइलवरून ठरत असे. २०१८ मध्ये आलेल्या मायनलॅबच्या इक्विनॉक्ससाठी कॉइलटेक या कंपनीने कॉइल बनवल्या, पण त्या मायनलॅबच्या परवान्याने. जीपीएक्स ६००० साठी कॉइलटेक आणि नगेट फाइंडर या कॉइल बनवणाऱ्या कंपन्यांनाही तसाच मार्ग घ्यावा लागला. एक्सपी कंपनीच्या ड्यूस या यंत्रात तर इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी कॉइलच्या पोटातच आहेत, त्यामुळे तेथे केवळ वेटोळे गुंडाळून देणाऱ्या बाहेरच्या कारागिराला शिरकावच नाही.

या दृष्टीने पाहता आपला एक्सप्लोरर शेवटच्या मोकळ्या पिढीतला आहे. बल्गेरियातील डीटेकच्या एसईएफ कॉइल आणि युक्रेनमधील नेलच्या कॉइल या पिढीसाठी मोठ्या प्रमाणावर बनल्या, आणि एक्सप्लोरर व मायनलॅबचीच ई-ट्रॅक, सफारी आणि क्वाट्रो यांच्या कॉइल एकमेकांना चालत असल्याने वापरलेल्या कॉइलचा साठाही मोठा आहे. म्हणून कॉइलसाठी घाबरण्याचे कारण नाही. प्रोबच्या मागे मात्र फार धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक चांगला पिनपॉइंटर घ्यावा आणि पेटी सोडवून ठेवावी. जोडणीत जितके कमी सांधे, तितके कमी दोष.

साचा_आणि_पत्रा

मी फक्त कव्हरबद्दल लिहितो, कारण त्याच कामात माझे हात खराब झालेले आहेत.

भेगाळलेले कव्हर वापरत राहू नये. आत शिरलेली माती लोहयुक्त असेल तर ती कॉइलच्या अगदी तळाशी, म्हणजे सर्वांत संवेदनशील जागी, सरकत राहते आणि प्रत्येक झोक्याला खोटा संकेत देते. भेग चिकटपट्टीने बंद केल्यास परिस्थिती आणखी बिघडते, कारण ओली माती आत अडकून पडते. नवे कव्हर मिळेपर्यंत कॉइल कव्हराविना वापरली तरी चालेल, फक्त ती जमिनीवर घासू नये.

नवे कव्हर घरी बनवता येते. बहुतेक जण येथे एकच चूक करतात, ती म्हणजे गरम प्लास्टिकचा पत्रा थेट कॉइलवरच ताणून बसवायचा प्रयत्न करतात. एबीएस प्लास्टिक वाकण्याइतके मऊ व्हायला दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवावे लागते, आणि तेवढी उष्णता कॉइलच्या कवचाला आणि आतल्या इपॉक्सीला (घट्ट होणाऱ्या राळेला) सोसणारी नाही. डबल-डी कॉइलमध्ये प्रेषक आणि ग्राहक वेटोळी एकमेकांवर अशा हिशेबाने सरकवलेली असतात की प्रेषकाचा संकेत ग्राहकात जवळजवळ शून्य व्हावा, आणि मग ती स्थिती इपॉक्सी ओतून कायमची गोठवलेली असते. इपॉक्सी मऊ होऊन वेटोळे मिलिमीटरच्या अंशाने जरी सरकले, तरी तो तोल गेला आणि कॉइल बाद झाली.

म्हणून आधी कॉइलची प्रतिकृती करावी. कॉइल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सुरकुत्या न पडू देता गुंडाळावी, ओल्या वाळूत तळाकडून अर्धी उंची बुडेल इतकी दाबावी, अलगद उचलावी आणि उरलेल्या खड्ड्यात प्लास्टर ओतावे. वाळल्यावर प्लास्टरचा ठोकळा काचकागदाने गुळगुळीत करून त्यावर दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा एबीएसचा पत्रा तापवून ताणावा. ठोकळ्याला बारीक भोके पाडून खालून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढली की कडा नीट बसतात. पहिला पत्रा बहुधा फुकट जातो, माझे दोन गेले होते. कापताना कड कॉइलच्या बाजूवर सुमारे एक सेंटिमीटर वर येईल अशी ठेवावी, म्हणजे कव्हर स्वतःच्या ताणाने बसते आणि सुटत नाही. कार्बन फायबर किंवा ग्रॅफाइट मिसळलेला पत्रा घेऊ नये, कारण तो विजेचा वाहक असतो.

त्रिमितीय छपाईनेही कव्हर होते, पण १५ इंचांचा तुकडा सामान्य छपाईयंत्राच्या पाटावर मावत नाही, आणि तुकडे जोडून केलेले कव्हर नेमके जोडावरच फुटते.

तांब्याची_तार

'संथ_झोका' यांचा इतिहास अचूक आहे, पण शेवटच्या सल्ल्याला माझी हरकत आहे. पिनपॉइंटर जवळ असूनही ज्याला खड्ड्यातच धातूची ओळख हवी आहे, त्याची गरज पिनपॉइंटरने भागत नाही. आणि येथे प्रश्न नवा प्रोब शोधण्याचा नसून हाती असलेल्या प्रोबचा एक स्विच बदलण्याचा आहे.

वापरलेली कॉइल घेण्याबद्दल मात्र थोडे सांगतो. आतल्या प्रवर्धकामुळे या कॉइलच्या ग्राहक बाजूचा रोध मल्टिमीटरने मोजून काही निष्कर्ष काढता येत नाही, त्यामुळे यंत्राला जोडूनच परीक्षा घ्यावी. कॉइल धातूपासून दूर, हवेत स्थिर धरून यंत्र शांत राहते का ते पाहावे, मग बोटाच्या पेराने कॉइलच्या कडेने सर्वत्र ठोकावे, केबल कॉइलमध्ये शिरते तेथे ती हलकेच वाकवावी आणि कॉइल कानाजवळ नेऊन हलवावी, कारण पाणी शिरलेली कॉइल कधी कधी चक्क आवाज करते. त्यानंतर एकच नाणे मूळ कॉइलखाली आणि या कॉइलखाली किती अंतरावर ऐकू येते ते पट्टीने मोजावे. तासभर उन्हात ठेवून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. थंड असताना निर्दोष वाटणारी आणि तापल्यावर बडबडणारी कॉइल मी दोनदा घेतली आहे. विक्रेते दोन्ही वेळी प्रामाणिकच होते, त्यांनी ती सावलीत तपासली होती.

मोठ्या कॉइलकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत, हेही जाता जाता सांगतो. लहान वस्तू कॉइलपासून दूर असेल तेव्हा तिचा संकेत अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की संकेत चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. १५ इंचांची कॉइल ११ इंचांच्या कॉइलपेक्षा थोडी खोल जाते हे खरे, पण त्या बदल्यात ती जास्त माती 'पाहते' आणि शेजारशेजारच्या दोन वस्तू वेगळ्या दाखवण्याची तिची क्षमता कमी असते.

बॅटरीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. एक्सप्लोररला आठ एए सेलचा साचा चालतो. त्यात कमी स्वविसर्जन असलेले, म्हणजे न वापरता ठेवले तरी हळूहळू उतरणारे, निकेल मेटल हायड्राइड सेल घालावेत, फक्त साच्याच्या स्प्रिंग स्वच्छ व घट्ट असल्याची खात्री करावी. जुना पॅक उघडून सेलवर थेट सोल्डरिंग करू नये.

संथ_झोका

हरकत मान्य आहे. मी पेटीतले सांधे मोजले, आपण गरज मोजली. एक पुरवणी जोडतो, कारण जुन्या यंत्रांना बिनतारी हेडफोन जोडण्याचा मोह अनेकांना होतो. साधा ब्लूटूथ आवाज सुमारे पाव सेकंद उशिरा पोहोचवू शकतो. कॉइल सेकंदाला एक मीटर वेगाने फिरत असेल तर तेवढ्या वेळात ती २५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि आपण भलत्याच जागी खणतो. अॅप्टएक्स लो लेटन्सी, म्हणजे उशीर कमी करणारी ब्लूटूथची सोय, असलेल्या जोडीत हा उशीर सुमारे ४० मिलिसेकंदांवर, म्हणजे चार सेंटिमीटरवर येतो. त्यासाठी प्रेषक आणि हेडफोन दोन्हींत ती सोय असावी लागते. तारेच्या हेडफोनला हा त्रास मुळीच नाही, आणि एक्सप्लोररला तेच शोभतात.

जुना_एक्सप्लोरर

सर्वांचे आभार. पेटी काल उघडली. चार ध्रुवांपैकी तिघांचा आकडा ०.२ ओहमवर स्थिर होता, चौथ्याचा मात्र दांडी हलवताच ०.४ पासून ७ ओहमपर्यंत नाचत होता. संपर्कावर हिरवट थर दिसला. पेटीच्या तळाला केबलच्या रबरी बुचाशेजारी बारीक फट होती, ओलावा तेथूनच आत गेला असावा. चार ध्रुवांचा नवा स्विच बसवला, फट सिलिकोनने बुजवली आणि आज तीन तास यंत्र चालवले. दांडा मुद्दाम आपटूनही एकदाही खोटा संकेत आला नाही. नवा स्विच जुन्यापेक्षा थोडा उंच असल्याने पेटीचे झाकण पूर्ण बसत नव्हते, म्हणून झाकणाखाली दोन मिलिमीटरची रबरी पट्टी दिली आहे.

आठ एए सेल आजच घातले. बॅटरीचा दर्शक पूर्ण भरलेला दिसत नाही, पण अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा आणि हे १.२ व्होल्टचे, त्यामुळे ते अपेक्षितच होते.

कव्हरसाठी वाळूतला साचा केला आहे आणि प्लास्टर वाळते आहे. कॉइलचा कान, म्हणजे दांडा अडकवण्याचा उंचवटा, वरच्या बाजूला असल्याने तळाच्या साच्यात तो आला नाही, हे बरे झाले. पहिला पत्रा फुकट जाणार असे गृहीत धरून तीन आणले आहेत.

साचा_आणि_पत्रा

प्लास्टर पूर्ण वाळल्याशिवाय गरम पत्रा त्यावर टाकू नका. आत ओल राहिली तर वाफ धरते आणि पत्र्यावर फोड येतात. माझा पहिला पत्रा त्यानेच गेला होता. एवढ्या मोठ्या ठोकळ्याला चार-पाच दिवस तरी लागतील.